मधल्या थराकडे पाहणारा फॅरडे

महाबळेश्वरात जूनमध्ये पाऊस लागला की भिंतींना ओल चढते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी येते आणि कुणाकडे जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याचीही तब्येत बिघडते. आवाज चिरका होतो, मागे सतत घूंऽऽ ऐकू येते, कधी एखाद्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद दिसू लागते. जाणता मेकॅनिक आत डोकावून सांगतो, कंडेन्सर बदला. कंडेन्सर म्हणजे आजच्या भाषेत कॅपॅसिटर. धातूचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा एक थर, एवढीच ही वस्तू. ती चांगली की वाईट हे मधला थर ठरवतो. या थराकडे प्रथम नीट लक्ष दिले ते मायकेल फॅरडे यांनी.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन इथला. वडील लोहार, तेही कायम आजारी. घरात खाण्याचीच ओढाताण, त्यामुळे शिक्षण अक्षरओळख आणि जुजबी हिशेबापुरते. चौदाव्या वर्षी मुलगा एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूही लागला. एका विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून त्याने काचेच्या बाटल्यांपासून वीज साठवण्याचे एक यंत्र स्वतः जुळवले. म्हणजे कॅपॅसिटरशी त्याची ओळख पोरवयातच झाली.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, सुबक बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला आणि तिथेच राहिला. १८२१ मध्ये सारा बर्नार्ड यांच्याशी लग्न झाले. मूलबाळ झाले नाही. १८२५ मध्ये फॅरडे यांनी बेंझिन शोधले, १८३१ मध्ये चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली. आपल्या कोयनेच्या जनित्रांपर्यंतचा धागा तिथून निघतो, पण ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली आहे.

१८३७ चा प्रयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. फॅरडे यांनी दोन अगदी सारखी उपकरणे बनवून घेतली. पितळेच्या पोकळ गोलात पितळेचाच लहान गोल, मध्ये थोडी जागा. एका उपकरणाच्या त्या जागेत फक्त हवा, दुसऱ्यात लाख भरलेली; बांगड्या करतात तीच लाख. मग एकात वीजभार भरून ते दुसऱ्याला जोडले. मधल्या पदार्थाला काही किंमत नसती तर भार निम्मा-निम्मा वाटला गेला असता. तसे झाले नाही. लाखेच्या उपकरणाने जास्त वाटा घेतला. गंधक आणि काच भरूनही त्यांनी पाहिले. त्यांनी अर्थ लावला तो असा: वीज अडवणारा पदार्थ नुसता आडवा उभा राहत नाही, विजेचा ताण तो स्वतःच्या अंगावर घेतो. तोवर सगळ्यांचे लक्ष पत्र्यांवर होते. अशा पदार्थाला डायलेक्ट्रिक हे नाव तेव्हापासूनच रुळले.

आता पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर उघडू. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शे-दोनशे व्होल्टचा एकदिश दाब असतो. गाण्याचा संदेश त्या दाबावर स्वार होऊन येतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला फक्त गाणे हवे, दाब नको. मध्ये बसवलेला कॅपॅसिटर ही निवड करतो. जुन्या काळी त्यात मेण लावलेला कागद असे. कागद ओल पितो, थर गळू लागतो, दाब ग्रिडवर झिरपतो आणि पुढचा व्हॉल्व्ह बेसुमार वीज ओढून तापतो. तसाच चालू ठेवला तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. आज त्याजागी पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्मचा कॅपॅसिटर घालतात. क्षमता तीच ठेवायची, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. मलाही या जुन्या यंत्रांचा नाद आहे, म्हणून सांगतो: आवाज मखमली करतो म्हणून दहापट किमतीला विकला जाणारा कॅपॅसिटर माझ्या कानांना कधी वेगळा वाटला नाही. गळती थांबली की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम वीजपुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरचे. त्यांच्यातला ओला थर वर्षांनुवर्षे सुकत जातो आणि घूंऽऽ सुरू होते. बदलताना मोठा म्हणजे चांगला असे समजून पहिल्या कॅपॅसिटरची क्षमता फार वाढवू नये. रेक्टिफायर व्हॉल्व्ह तो धक्का सोसत नाही.

आणि इथेच डॉक्टर म्हणून मला बोलायचे आहे. प्लग काढला तरी हे कॅपॅसिटर भरलेले राहतात. पन्नास मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर चारशे व्होल्टला भरला तर त्यात चार ज्यूल ऊर्जा असते. आमच्या अतिदक्षता विभागातल्या डिफिब्रिलेटरमध्येही कॅपॅसिटरच असतो. बेशिस्त थरथरणारे हृदय ताळ्यावर आणायला तो दीडशे-दोनशे ज्यूल काही मिलिसेकंदांत छातीतून सोडतो. चार ज्यूल त्यापुढे थोडे, पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाट हृदयावरूनच जाते. म्हणून प्लग काढा, थांबा, काही हजार ओहमच्या जाड रेझिस्टरमधून कॅपॅसिटर रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे. कुणाला मेनचा झटका बसलाच तर आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात. शुद्ध नाही आणि श्वासही नीट चालत नाही असे दिसले तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा.

फॅरडे यांच्या स्वतःच्या प्रकृतीने त्या प्रयोगानंतर दोन-तीन वर्षांतच दगा दिला. चक्कर, डोकेदुखी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विस्मरण. दीडशे वर्षांनंतर निदान करण्याचा मोह आमच्या व्यवसायाला आवरत नाही. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफांवर अनेकांनी बोट ठेवले आहे, अतिश्रमावरही. तपासायला रोगी समोर नाही, तेव्हा मी त्यात पडत नाही. त्या काळचा उपाय म्हणजे विश्रांती आणि डोंगरावरची हवा. त्याच समजुतीतून १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरात माल्कमपेठ वसवली होती. फॅरडे १८४१ मध्ये स्वित्झर्लंडला गेले आणि तिथे एका दिवसात सत्तर किलोमीटरच्या आसपास चालले. पाय ठणठणीत होते, स्मृती नव्हती. तरी चार वर्षांनी ते पुन्हा कामाला लागले आणि चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यांनी दाखवले. वहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला ते क्रमांक घालत. हा आकडा सोळा हजारांवर गेला. विसरणाऱ्या माणसाला याहून चांगला आधार मी सुचवू शकलो नसतो.

१८५५ मध्ये टेम्स नदीतून बोटीने जाताना त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकले. इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. नदी गटार झाली आहे, असे त्यांनी वृत्तपत्राला कळवले. तीन वर्षांनी लंडन त्या दुर्गंधीने गुदमरले तेव्हा कुठे संसदेने भूमिगत गटारांचे काम हाती घेतले.

सर ही पदवी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. १८५८ मध्ये राणीने हॅम्प्टन कोर्टला घर दिले. अखेरच्या वर्षांत बोलणेही मंदावले होते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांचा मृत्यू झाला. १८८१ मध्ये पॅरिसच्या वीज परिषदेने वीज साठवण्याच्या क्षमतेच्या एककाला फॅरड नाव दिले. एकक इतके मोठे निघाले की रोजच्या वापरात त्याचा दहालाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, घ्यावा लागतो. जुन्या कंडेन्सरवर आकड्यापुढे एमएफडी ही अक्षरे छापलेली दिसतात. त्यातले एफडी म्हणजे फॅरडच.