वॉल्टर जॉन्सन: खेळाडू व लोकसेवक

मैदानावर नांव मिळविलेला मनुष्य पुढें सार्वजनिक कामांत पडला म्हणजे त्याविषयीं दोन तऱ्हेचीं मतें कानीं पडतात. कोणी म्हणतात, टाळ्यांची संवय लागलेल्यास टाळ्यांवांचून करमत नाहीं. कोणी म्हणतात, ज्यानें खेळांत शिस्त पाळली तो कारभारांतहि पाळील. हीं दोन्ही मतें घाईचीं आहेत असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच अमेरिकेंतील वॉल्टर जॉन्सन या पुरुषाचें चरित्र आम्ही या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

बेसबॉलचा खेळ आपल्या इकडे फारसा खेळत नाहींत, तेव्हां दोन शब्द अगोदर सांगणें जरूर आहे. क्रिकेटमध्यें गोलंदाज धांवत येऊन हात ताठ ठेवून चेंडू टाकतो व तो बहुधा टप्पा खाऊन फलंदाजाकडे जातो. बेसबॉलांत चेंडू टाकणारास पिचर म्हणतात. तो मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडतां, चेंडू सरळ फेंकतो. फलंदाज गोल दांडक्यानें तो टोलवितो, आणि चौरसाच्या कोंपऱ्यांवरील तळांस क्रमानें स्पर्श करून परत आला म्हणजे एक धांव होते. दोन्ही पक्षांचे नऊ नऊ डाव होतात. त्या काळीं फलंदाजाच्या डोक्यावर साध्या कापडी टोपीखेरीज कांहीं नसे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

वॉल्टर पेरी जॉन्सन याचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं कॅन्सस संस्थानांत, हंबोल्ट गांवाजवळ, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. सहा भावंडांत तो दुसरा. वॉल्टर चौदा वर्षांचा असतांना हें कुटुंब शेती सोडून कॅलिफोर्नियांतील ऑलिंडा येथें, जेथें जमिनींतून तेल काढण्याचे कारखाने होते तेथें, पोट भरण्यास गेलें. फुलर्टनच्या हायस्कुलांत असतांना एका सामन्यांत १५ डाव टाकून त्यानें २७ फलंदाजांस चेंडूला दांडकें लागूं न देतां परत पाठविलें. तरीहि धंदेवाईक खेळांत शिरण्याचा त्याचा पहिला यत्न फसला. टकोमा येथील संघानें १९०६ सालीं त्यास घरचा रस्ता दाखविला, आणि तो आयडाहो संस्थानांतील वीझर या आडगांवीं टेलिफोन कंपनींत नोकरी धरून तेथल्या संघांतून खेळूं लागला.

तेथें त्याचा खेळ एका फिरत्या विक्रेत्यानें पाहिला व वॉशिंग्टनच्या संघाचा व्यवस्थापक जो कँटिलन यास पत्रांवर पत्रें पाठविलीं. कँटिलननें अखेर एक दुखापत झालेला खेळाडू, जो तूर्त दुसऱ्या कांहीं उपयोगाचा नव्हता, पाहणी करण्यासाठीं पाठविला. नोकरीचें बोलणें झालें तेव्हां एकोणीस वर्षांच्या वॉल्टरनें काय मागितलें, तर परतीचें आगगाडीचें भाडें. आपण नालायक ठरलों तर घरीं येण्याची सोय असावी म्हणून! ही हकीकत तिकडे अजून कौतुकानें सांगतात. ता. २ ऑगस्ट १९०७ रोजीं तो वॉशिंग्टनकडून पहिला सामना खेळला व हरला. परतीच्या भाड्याचें काम मात्र पुढें कधीं पडलें नाहीं. एकवीस वर्षें तो त्या एकाच संघांत राहिला.

तो संघ कसा होता हें सांगितल्याशिवाय जॉन्सनची योग्यता कळणार नाहीं. आठ संघांच्या स्पर्धेंत वॉशिंग्टनचा क्रमांक त्या वर्षांत सातवा नाहीं तर आठवा असावयाचा. पिचरनें प्रतिपक्षास कितीहि रोखून धरलें तरी आपल्या पक्षानें एक तरी धांव केली पाहिजे. तीहि पुष्कळदां होत नसे. १९०९ सालीं जॉन्सन २५ सामने हरला. आणि याच काळांत त्यानें जें एक कृत्य केलें तें आमच्या क्रिकेटप्रेमी मुलांनीं ऐकण्यासारखें आहे. १९०८ च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टनचा संघ न्यूयॉर्कला गेला होता. ता. ४ रोजीं शुक्रवारीं जॉन्सननें पूर्ण सामना टाकला व न्यूयॉर्कला एकहि धांव करूं दिली नाहीं. शनिवारीं पुन्हां तोच उभा राहिला, पुन्हां शून्य. सोमवारीं तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदाहि शून्य. मधला रविवार मोकळा गेला तो न्यूयॉर्कांत त्या काळीं रविवारीं असे सामने भरविण्यास कायद्यानें मनाई होती म्हणून. परमेश्वराच्या दिवसाचा विसावा त्या थकलेल्या हातास असा आपोआप लाभला, हें वाचून आम्हांस हंसूं आल्यावांचून राहिलें नाहीं.

त्याचा हात लांब असून तो खांद्याच्या बाजूनें, गोफण फिरवावी तसा, सहज फिरे. लोकांनीं त्यास मोठी आगगाडी असें टोपणनांव दिलें. १९१३ सालीं तो ३६ सामने जिंकला व अवघे ७ हरला. प्रतिपक्षास सबंध सामन्यांत शून्यावर ठेवण्याचे प्रसंग त्याच्या हातून एकंदर ११० घडले. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं.

परंतु त्याचें मोठेपण आम्ही या आंकड्यांत मानीत नाहीं. ज्याच्या हातीं एवढा वेग होता त्यास त्या वेगाची भीति वाटे. आपला चेंडू एखाद्याच्या मस्तकास लागला तर काय होईल, हा विचार त्याच्या मनांतून जात नसे. दुसरे पिचर फलंदाजास धाक घालण्यासाठीं मुद्दाम अंगावर चेंडू टाकीत; जॉन्सन तसें करीत नसे. डेट्रॉइटचा टाय कॉब हा कसलेला फलंदाज हें ओळखून होता. तो मुद्दाम पुढें सरकून उभा राही, म्हणजे जॉन्सन भिऊन चेंडू बाहेर टाकी आणि कॉबचें फावे. यावरून कोणी जॉन्सनला भोळा म्हणेल. पण १९२० च्या ऑगस्टांत क्लीव्हलंडचा रे चॅपमन हा खेळाडू दुसऱ्या एका पिचरचा चेंडू डोक्यास लागून मरण पावला, तेव्हां जॉन्सनची भीति पोकळ नव्हती हें सर्वांस दिसलें. सत्यासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, इतकी काळजी घेऊनहि त्याचे चेंडू दोनशेंहून अधिक फलंदाजांस लागले; इतक्या वर्षांच्या खेळांत तें टळण्यासारखें नव्हतें.

एक डागहि सांगतों. १९१४ च्या अखेरीस एक नवी बंडखोर स्पर्धा निघाली होती व तिच्या शिकागो येथील संघानें त्यास मोठ्या पगाराचें आमिष दाखविलें. जॉन्सननें करारावर सही केली, आणि मग जुन्या धन्यानें मन वळवितांच ती मोडून परत आला. पगारासाठीं जाणें गैर नव्हतें. पण दिलेला शब्द फिरविणें त्यास शोभलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१९१४ सालींच नेवाडाचे लोकप्रतिनिधि एडविन रॉबर्ट्स यांची कन्या हेझल हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता. संसार सुखाचा होता. परंतु १९२१ सालीं त्यांची दोन वर्षांची मुलगी एलिनॉर इन्फ्ल्युएन्झानें दगावली, व कित्येकांस वाटलें कीं आतां याचा खेळ संपला.

तो संपला नव्हता. १९२४ सालीं, जॉन्सनच्या अठराव्या वर्षीं, वॉशिंग्टनचा संघ प्रथमच स्पर्धा जिंकून अखेरच्या मालिकेस पोंचला. समोर न्यूयॉर्कचे जायंट्स. छत्तीस वर्षांच्या जॉन्सननें पहिला सामना टाकला आणि बाराव्या डावांत हरला. पांचवाहि हरला. ज्या दिवसाची त्यानें अठरा वर्षें वाट पाहिली तो असा हातचा गेला. मालिका तीन-तीन अशी बरोबरींत आली व ता. १० ऑक्टोबर रोजीं सातवा सामना वॉशिंग्टनलाच झाला. राष्ट्राध्यक्ष कूलिज हे स्वतः पाहावयास आले होते. नववा डाव, दोन्हीकडे तीन तीन धांवा, आणि जॉन्सनला पुन्हां बोलावणें आलें. थकलेल्या हातानें त्यानें चार डाव टाकले व एकहि धांव दिली नाहीं. बाराव्या डावांत वॉशिंग्टनच्या रूएलचा झेल घेतांना न्यूयॉर्कच्या यष्टिरक्षकाचा पाय स्वतःच्याच जमिनीवर पडलेल्या मुखवट्यांत अडकला व झेल सुटला. मग रूएलनें टोला मारून दुसरा तळ गांठला. पुढें मॅक्नीलीनें मारलेला सरपटी चेंडू वाटेंत उसळून तिसऱ्या तळावरील खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि रूएल घरीं पोंचला. लोक म्हणतात चेंडू खड्यावर आपटला. तो खडा तेथें कोणी ठेविला हें वाचकांनीं आपापल्या श्रद्धेप्रमाणें ठरवावें.

पुढील वर्षीं पुन्हां अखेरची मालिका आली, पण सातवा सामना पिट्सबर्ग येथें पाऊस-चिखलांत जॉन्सन हरला. १९२७ सालीं सरावाच्या वेळीं एका सहकाऱ्यानें मारलेला चेंडू लागून त्याचा पाय मोडला व त्याच सालीं त्यानें खेळ सोडला. तोंवर ४१७ सामने त्याच्या नांवावर जमा झाले होते. नंतर कांहीं वर्षें त्यानें वॉशिंग्टन व क्लीव्हलंड येथील संघांची व्यवस्था पाहिली. त्यांत यश बेताचेंच आलें. १९३० च्या ऑगस्टांत हेझल वारली. पांच मुलें मागें राहिलीं. वृद्ध आईच्या मदतीनें त्यानें तीं वाढविलीं.

मग तो मेरीलंड संस्थानांत जर्मनटाउन येथें गाईगुरें घेऊन शेतकरी झाला. १९३६ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिराकरितां पहिले पांच खेळाडू निवडले गेले, त्यांत तो होता. त्याच सालीं वॉशिंग्टनच्या जन्मदिनीं रॅपाहॅनॉक नदीच्या कांठीं मोठी गर्दी जमली. बाळ जॉर्ज वॉशिंग्टननें या नदीपलीकडे चांदीचें नाणें फेंकलें अशी दंतकथा आहे. जॉन्सननें अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं तें फेंकून दाखविलें.

१९३८ सालीं रिपब्लिकन पक्षानें त्यास मंटगमेरी काउंटीच्या कारभारी मंडळासाठीं उभें केलें. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग, आणि हें मंडळ म्हणजे साधारणतः आपलें लोकलबोर्ड. तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा. तरी शेजाऱ्यांनीं आपल्या या शेतकऱ्यास निवडून दिलें. रस्ते, शाळा, कर असलीं हीं बिनटाळ्यांचीं कामें. टाळ्यांसाठींच कोणी सार्वजनिक कामांत पडतो असें म्हणणारांनीं याचा विचार करावा.

दोन वर्षांनीं पक्षानें त्यास राष्ट्रीय लोकसभेसाठीं उभें केलें, आणि येथें त्याचा कस लागला. भाषण करणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. पक्षाचे पुढारी जोसेफ मार्टिन यांनीं आपल्या माणसांकडून त्यास दोन भाषणें लिहवून दिलीं. एक शेतकऱ्यांकरितां व दुसरें कारखान्यांच्या गांवांकरितां. जॉन्सननें त्यांची अदलाबदल केली. शेतकऱ्यांना त्यानें कारखान्यांच्या अडचणी समजावून सांगितल्या आणि व्यापाऱ्यांना शेतीच्या! मार्टिन यांनीं ही गोष्ट आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. कोणी हंसेल, आम्हांस मात्र दुसऱ्यानें लिहून दिलेला शब्द त्या तोंडांत बसला नाहीं यांत फारसें नवल वाटत नाहीं. तरीहि जवळजवळ निम्मीं मतें त्यास पडलीं. जागा मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम बायरन यांच्याकडेच राहिली, आणि जॉन्सन आपल्या गाईंकडे परत गेला.

१९४२ च्या ऑगस्टांत, युद्धनिधीसाठीं, तो न्यूयॉर्कच्या मैदानावर पुन्हां एकदां उंचवट्यावर उभा राहिला. समोर दांडकें घेऊन बेब रूथ. दोघेहि म्हातारे होत आलेले. जवळजवळ सत्तर हजार लोक पाहावयास जमले होते. त्यानंतर चार वर्षांनीं मेंदूंतील गांठीच्या आजारानें, ता. १० डिसेंबर १९४६ रोजीं, वॉशिंग्टन येथें त्याचा अंत झाला. रॉकव्हिल येथील स्मशानभूमींत हेझलच्या शेजारीं त्यास मूठमाती देण्यांत आली.

ज्या काउंटीनें त्यास एकदां निवडून दिलें तिनें १९५६ सालीं बेथेस्डा येथें उघडलेल्या नव्या हायस्कुलास त्याचें नांव दिलें. तेथील विद्यार्थी आपलें एक वर्तमानपत्र चालवितात. त्याचें नांव त्यांनीं ‘द पिच’, म्हणजे चेंडूची फेंक, असें ठेविलें आहे.