ख्रिसमसवर बंदी आली, तेव्हा लंडनच्या एका नावाड्याने लेखणी उचलली

समजा, गावची यात्रा आहे. पण पालखी नाही, तमाशा नाही, दुकानं उघडी ठेवा आणि गुमान कामाला जा, असा सरकारी हुकूम आला तर? दरवर्षी नारायणगावच्या राहुट्यांवर तमाशाची सुपारी द्यायला जाणाऱ्या डिंगोरे-ओतूरकडच्या गावकऱ्यांना विचारून बघा. इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या बाबतीत हे खरंच घडलं होतं.

तेव्हा सणाची बाजू घेणाऱ्यांत एक होता जॉन टेलर. जन्म १५७८, ग्लॉस्टरचा. लॅटिन डोक्यात शिरेना, म्हणून पोराला लंडनला नावाड्याच्या हाताखाली धाडलं. थेम्स नदीपलीकडच्या नाटकांना जाणारं गिऱ्हाईक पोहोचवायचं आणि कविता करायच्या, हा त्याचा उद्योग. 'वॉटर पोएट' हे नाव तो अभिमानाने मिरवायचा.

गडी भलताच इरसाल. १६१८ मध्ये दमडी न घेता तो स्कॉटलंडला चालत गेला. परत आल्यावर प्रवासाच्या पुस्तकाचे पैसे देऊ, असा शब्द त्याने आधीच सोळाशेहून जास्त लोकांकडून घेतला होता. म्हणजे क्राउडफंडिंगच! बऱ्याच जणांनी पैसे बुडवले, तर त्याने त्यांच्यावरच खिल्ली उडवणारी पुस्तिका छापली.

पुढे राजा आणि संसदेत युद्ध पेटलं. संसदेच्या बाजूला प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती लोकांचा जोर होता. २५ डिसेंबरला बायबलचा आधार नाही, हा सण म्हणजे दारू-जुगाराला निमित्त, असं त्यांचं म्हणणं. १६४२ मध्ये नाटकगृहं बंद झाली. १६४४ च्या ख्रिसमसला उपास करायचा हुकूम निघाला.

टेलर राजाच्या बाजूचा. तो ऑक्सफर्डला निघून गेला आणि तिथून त्याने 'कम्प्लेंट ऑफ ख्रिसमस' लिहिलं. यातली गंमत अशी की, तक्रार करतो तो खुद्द ख्रिसमस. म्हातारा पाहुणा ठरल्या दिवशी लंडनला येतो, तर दुकानं उघडी आणि स्वागताला कुणी नाही! आपल्या वगातला सोंगाड्या राजाला असाच वेड पांघरून टोमणे मारतो.

संसद बधली नाही. जून १६४७ मध्ये सणच रद्द झाला. (बंदीचं खापर क्रॉमवेलवर फुटतं, पण हुकूम संसदेचा होता.) त्या डिसेंबरला कँटरबरीत ख्रिसमसच्या दिवशी उघड्या दुकानांवरून दंगल उसळली.

१६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवणाऱ्या टेलरने पाटीवर सुतकातला मुकुट रंगवला. पाटी उतरवायला लावली, तर त्याने स्वतःचंच डोकं रंगवून टांगलं!

१६५२ मध्ये त्याने ख्रिसमसवर पुन्हा पुस्तिका काढली. डिसेंबर १६५३ मध्ये तो गेला. ख्रिसमसवरची बंदी उठली १६६० मध्ये.