ज्योतिर्विद कावसजी नायगमवाला

निरभ्र रात्री आकाशात काही धुकट डाग दिसतात. असा एक डाग मृग नक्षत्रात आहे, दुसरा देवयानीत. हे डाग म्हणजे वायूचे मेघ, की दूरवर वसलेली ताऱ्यांची नगरे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ज्योतिर्विदांना पडला होता. त्याचा शोध पुण्यात राहून घेणारे भारतीय म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला होत.

कावसजींचा जन्म १८५७ साली पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच अध्यापक झाले. लोलकातून प्रकाश नेला म्हणजे वर्णपट उमटतो. विरळ वायूच्या वर्णपटात मोजक्या तेजस्वी रेषा असतात, तर ताऱ्यांचा वर्णपट अखंड पट्ट्यासारखा असतो. या विद्येसाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले. सरकारनेही तेवढीच भर घातली. त्यातून १८८८ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे भारतातील सर्वांत मोठी होती.

मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियम धातूची आहे, असे इंग्लंडचे विख्यात शास्त्रज्ञ लॉकियर यांचे मत होते. ते खरे असते, तर रेषेची एक कड पुसट दिसली असती. कावसजींनी ती वारंवार न्याहाळली. प्रत्येक वेळी ती रेखीवच आढळली. लॉकियर यांचा अधिकार मोठा होता. तरीही १८९१ साली कावसजींनी जे पाहिले तेच निर्भयपणे प्रसिद्ध केले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्यासाठी कावसजींनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेचे कॅम्बेल हेही आपल्या पथकासह तेथेच उतरले होते. खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटे टिकणार होती. तेवढ्या अवधीत कावसजींनी सूर्याच्या प्रभामंडलाचे वेध घेतले.

१९१२ साली ते निवृत्त झाले. त्यांच्यामागे कार्य चालविणारे कोणी नसल्याने वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या हयातीतच मिळाले. १९२३ साली अमेरिकेत हबल यांना देवयानीच्या डागात तेज कमीजास्त होणारा एक तारा सापडला. अशा ताऱ्याच्या आवर्तनकालावरून त्याचे खरे तेज कळते. दिसणाऱ्या तेजाशी ते ताडून पाहिले, की अंतर निघते. हबल यांच्या हिशेबाने ते सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे भरले. आज ते सुमारे पंचवीस लाख मानतात. म्हणजे देवयानीतील डाग ही आपल्या आकाशगंगेबाहेरील सर्पिल दीर्घिका ठरली. मृगातील डाग मात्र आपल्याच आकाशगंगेतील वायूचा मेघ होय. १९२७ साली ती हिरवी रेषा ऑक्सिजनची असल्याचेही सिद्ध झाले.

१९३८ साली कावसजी निवर्तले. मोठ्यांचा मान राखावा, परंतु सत्याचा निर्णय निरीक्षणानेच करावा, हा धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.