कै. बाळशास्त्री जांभेकर व 'दर्पण'चे दोन स्तंभ

इंग्रजी शिकणे म्हणजे इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करणे, असा समज आपल्या शहरातील पुष्कळ घरांत अद्यापि आढळतो. शब्द आले, व्याकरणही बऱ्यापैकी जमले, तरी बातमी लिहावयास सांगितली असता विद्यार्थी निबंध लिहितो आणि मुख्याध्यापकांस अर्ज करावयास सांगितला असता मावशीस लिहावे तसे पत्र लिहून मोकळा होतो, हे आम्ही उत्तरपत्रिका तपासताना प्रतिवर्षी पाहतो. बातमी, पत्र, निबंध, शास्त्रीय माहिती, नीतिकथा, ह्या प्रत्येकाची चाल निराळी आहे. ती नियम सांगून फारशी कळत नाही. लहान लहान उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळू लागते. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका विशीतील तरुणाने हे काम मुंबईत केले. त्याच्या हाती क्रमिक पुस्तक नव्हते, वर्तमानपत्र होते. त्या तरुणाचे, म्हणजे बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर यांचे, चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणात, देवगडजवळच्या पोंभुर्ले गावी, एका वैदिक ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते, आणि मुलाचे संस्कृत अध्ययन घरीच झाले. १८२५ च्या सुमारास हा मुलगा मुंबईस आला तो सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयास. बापू हे शाळांकरिता पुस्तके तयार करणाऱ्या मुंबईच्या शिक्षणमंडळीचे नेटिव सेक्रेटरी होते. इसापाच्या गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या व त्यांचे पुस्तक १८२८ साली छापले. इंग्रजीतील छोटी गोष्ट मराठी मुलाच्या तोंडी कशी बसवावी, ह्याचा धडा बाळशास्त्रींना असा घरबसल्या मिळाला. इंग्रजीखेरीज त्यांनी फारसी, बंगाली, गुजराती, फ्रेंच, लॅटिन अशा कित्येक भाषांशी परिचय करून घेतला. गणितातही त्यांची गती विलक्षण होती. १८३० साली बापू छत्रे वारले, आणि १८३२ साली त्यांच्याच सेक्रेटरीच्या जागेवर बाळशास्त्रींची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

त्याच वर्षाच्या ६ जानेवारीस 'दर्पण' निघाले. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकारदिन म्हणून पाळतात. मराठी भाषेतील वर्तमानपत्रांचा आरंभ ह्या पत्रापासून मानतात, इतके आपले विद्यार्थी जाणतात. परंतु ते केवळ मराठी नव्हते, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. पृष्ठाचे दोन उभे स्तंभ पाडलेले असत. एकात इंग्रजी मजकूर, दुसऱ्यात त्याच विषयाचा मराठी मजकूर. प्रथम ते पंधरवड्यास निघे. मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. वर्गणी तीन महिन्यांस सहा रुपये होती. त्या काळी सहा रुपये ही गोष्ट लहान नव्हे, आणि म्हणूनच ग्राहक तीनशेच्या आसपासच राहिले.

दोन स्तंभ कशासाठी? हेतू दुहेरी होता. येथील लोकांच्या मनात काय आहे ते इंग्रज अधिकाऱ्यांस त्यांच्या भाषेत कळावे, हा एक. आणि पश्चिमेकडील विद्येची व इंग्रजी भाषेची गोडी येथील तरुणांस लागावी, हा दुसरा. हा दुसरा हेतू आम्हां शिक्षकांस विशेष मोलाचा वाटतो. इंग्रजी शिकू लागलेला एखादा तरुण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. मराठी स्तंभावर हात ठेवून तो इंग्रजी वाचू शकत होता, आणि अडला की हात उचलून शेजारी पाहू शकत होता. कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, वाक्याची चाल मिळत नाही. येथे दोन्ही एका दृष्टीत येत होती.

शिवाय मजकूर एकाच जातीचा नसे. देशातील व विलायतेतील बातम्या असत, वाचकांची पत्रे असत, विद्या, रूढी व विधवांचे पुनर्विवाह अशा विषयांवर संपादकाचे विवेचन असे. आता ह्या प्रकारांतला भेद पाहा. आपल्याकडे गद्य नव्हते असे नाही. बखरी होत्या, पत्रे होती, निवाडे होते. परंतु बखरकार सांगतो ते रंगवून, थोरवी गाऊन सांगतो. इंग्रजी बातमी आधी काय घडले, कोठे व केव्हा, हे सांगून टाकते आणि मग मागचापुढचा तपशील देते. आपल्या जुन्या पत्रांत मायना, आशीर्वाद, नमस्कार व क्षेमकुशल ह्यांतच पहिल्या काही ओळी जातात. संपादकास लिहिलेले इंग्रजी पत्र एका संबोधनानंतर थेट मुद्द्यावर येते, कारण ते एका माणसाकरिता नसून अनेकांनी वाचावयाचे असते. निबंधाचे तर त्याहून निराळे. तेथे लिहिणाऱ्यास आपले मत मांडून प्रतिपक्षाचे म्हणणेही विचारात घ्यावे लागते. ही सर्व वळणे मराठीत तेव्हा तयार नव्हती. दर आठवड्यास ती घडवावी लागत. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्यांबरोबर मराठी भाषाही नवे प्रकार शिकत होती, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

येथे एक गोष्ट पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. बाजारात तयार पत्रे व तयार निबंध यांची गाईडे मिळतात, आणि आपण ती मोठ्या विश्वासाने आणून देता. नमुना वाईट नव्हे. आम्हीही वर्गात नमुनेच देतो. पण पाठ केलेले पत्र विषय बदलताच निरुपयोगी होते. मुलांनी दोन उतारे शेजारी ठेवावेत आणि ह्यात आरंभी काय आले, त्यात काय आले, कोणी कोणास लिहिले, हे शोधावे. 'दर्पण'च्या वाचकाला पाठ करण्याची सोयच नव्हती, कारण पुढच्या आठवड्यास मजकूर नवा येत असे.

१८३४ साली एल्फिन्स्टन कॉलेजचे वर्ग सुरू झाले. प्रोफेसर ऑर्लेबार व प्रोफेसर हार्कनेस हे दोघे इंग्रज अध्यापक, आणि त्यांच्या जोडीस साहाय्यक अध्यापक म्हणून बाळशास्त्री. दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी लाड, गणिती केरो लक्ष्मण छत्रे ही त्यांच्या शिष्यांत गणली जाणारी नावे होत. मध्यंतरी अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक म्हणूनही ते राहिले, आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. जुने शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिले. शाळांकरिता नीतिकथा, व्याकरण, भूगोल, इतिहास व गणित ह्या विषयांवर त्यांची पुस्तके आहेत. 'शून्यलब्धि' हे त्यांपैकी उच्च गणितावरचे.

'दर्पण' १८४० च्या मध्यास बंद झाले. त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. त्यात नकाशे व आकृती देऊन भूगोल, रसायन व निसर्गविज्ञान समजावून सांगितलेले असे. बातमी व वाद यांनंतर शास्त्रीय निरूपण हा आणखी एक प्रकार मराठीत आला. पुढे १८४५ साली ज्ञानेश्वरी त्यांनी शिळाप्रेसवर छापून काढली. इंग्रजी विद्येचा हा प्रवर्तक स्वभाषेच्या ग्रंथापाशीही तितक्याच आदराने बसला होता.

आता एक प्रसंग असा सांगावयाचा आहे की, जो मिशनच्या शाळेच्या अंकात कदाचित वगळला जाईल. आम्हांस तो वगळणे योग्य वाटत नाही. १८४३ साली मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली, आणि अल्पवयीन म्हणून मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. पण मुलगा घरी आला तरी ज्ञातीत येईना. परधर्मीयांच्या पंक्तीस जेवला म्हणून सनातनी मंडळी त्यास घेईनात. बाळशास्त्रींनी पुढाकार घेऊन, प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे, असा पक्ष मांडला व तो तडीस नेला. मुंबईत व वर्तमानपत्रांत मोठा वाद माजला. स्वतः बाळशास्त्रींवर बहिष्काराचे संकट आले. तरी ते मागे सरले नाहीत.

हा विरोध मिशनच्या कार्याला होता, हे उघड आहे. तथापि निष्पक्ष दृष्टीने पाहता आम्हांस असे दिसते की, त्यांचा खरा झगडा आपल्याच लोकांच्या निष्ठुरतेशी झाला. एका मुलाचे घराचे दार बंद होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली. अशा प्रतिपक्षाचा आदर करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. थोरला भाऊ नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाला आणि आपल्याच भागात, जालन्यास, येऊन राहिला. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत त्यानेच वसविली. १९८१ पर्यंत जालना आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ही कथा आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या आजोळची आहे असे म्हणावयास हरकत नाही.

१८४५ साली प्राथमिक शाळांचे शिक्षक तयार करणारा वर्ग मुंबईत सुरू झाला, आणि त्याची धुरा बाळशास्त्रींकडे आली. शाळातपासणीकरिता हिंडणे, वर्ग चालविणे, ग्रंथ छापणे, हे सर्व एकाच वेळी चालू होते. मे १८४६ मध्ये अल्पशा आजाराने त्यांचे देहावसान झाले. चौतिसावे वर्ष, म्हणजे आजच्या हिशेबाने शिक्षकाच्या नोकरीची उमेदवारी संपून जेमतेम स्थिर होण्याचे वय.

त्यांच्या पश्चात काम थांबले नाही. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ साली 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढले होते. त्यात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख यांची पत्रे 'लोकहितवादी' ह्या नावाने प्रसिद्ध होऊ लागली व ती शंभरावर गेली. वाचकाने संपादकास पत्र लिहावे, नाव झाकून लिहावे, मायना टाकून थेट बोलावे, हा प्रकार सोळा वर्षांपूर्वी 'दर्पण'च्या वाचकांनी इंग्रजीच्या शेजारी पाहिला होता. 'प्रभाकर'च्या पानावर तो एकट्या मराठीत होता.