नंदू नाटेकर

नंदकुमार महादेव नाटेकर (१२ मे १९३३, सांगली – २८ जुलै २०२१, पुणे) हे भारतीय बॅडमिंटनपटू होते. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत. नंदू नाटेकर या नावाने ते सर्वपरिचित होते.

सुरुवातीचा काळ

नाटेकर यांचा पहिला ओढा टेनिसकडे होता. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांनी त्यांना पराभूत केले. त्यानंतर त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटनवर लक्ष केंद्रित केले आणि थोड्याच वर्षांत ते देशातील अग्रगण्य खेळाडू झाले.

कारकीर्द

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी एकेरीत ६, पुरुष दुहेरीत ६ आणि मिश्र दुहेरीत ५ अशी एकूण १७ विजेतेपदे मिळविली. १९५४ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. मलाया हे त्या काळी बॅडमिंटनचे बलाढ्य केंद्र असल्याने या यशाला विशेष महत्त्व आहे.

थॉमस चषक या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेत १९५१ ते १९६३ या काळात त्यांनी १६ पैकी १२ एकेरी आणि १६ पैकी ८ दुहेरी सामने जिंकले. १९५९, १९६१ व १९६३ मध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार होते.

खेळशैली

नाटेकर यांचा खेळ ताकदीपेक्षा मनगटाच्या कौशल्यावर उभा होता. जाळीजवळ फूल अलगद टाकणे, अखेरच्या क्षणी फटक्याची दिशा बदलणे आणि डौलदार बॅकहँड ही त्यांची वैशिष्ट्ये होती. खेळातून अर्थार्जनाची फारशी संधी नसलेल्या हौशी खेळाडूंच्या काळात त्यांनी हा दर्जा एका तपाहून अधिक काळ टिकविला.

सन्मान आणि वारसा

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. बॅडमिंटनसाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार नाटेकर यांना मिळाला. त्यांनी सोडलेल्या टेनिसमध्ये पुढे त्यांचे पुत्र गौरव नाटेकर राष्ट्रीय विजेते ठरले.

वयाच्या ८८ व्या वर्षी नाटेकर यांचे निधन झाले. ज्या थॉमस चषकासाठी ते एका तपाहून अधिक काळ झुंजले, तो भारताने मे २०२२ मध्ये बँकॉक येथे इंडोनेशियाला ३-० असे नमवून प्रथमच जिंकला. तेव्हा त्यांच्या निधनाला दहा महिनेही झाले नव्हते.