हकीम अजमल खान आणि सर्पगंधेचं मूळ

आमच्या हिंगणीत बीपीची गोळी आता कुणाला नवी राहिलेली नाही. पण थोडं बरं वाटलं की गोळी बंद करायची आणि कुणीतरी सांगितलेली जडीबुटी सुरू करायची, ही सवय काही जात नाही. युनानी औषधाने नुकसान होत नाही, असंही वर ऐकायला मिळतं. म्हणून ज्यांनी युनानीसाठीच आयुष्य वेचलं, त्या हकीम अजमल खान साहेबांची आज आठवण करू या.

हकीम साहेबांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत, हकिमांच्या नामवंत खानदानात झाला. लहानपणीच त्यांनी कुरआन हिफ्ज केलं आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिब्बचं शिक्षण घेतलं. काही वर्षं ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. दिल्लीत गरिबांना मात्र ते मोफत तपासत.

नाव होतं, दौलत होती. तरीही ते खानदानी नुस्ख्यांवर थांबले नाहीत. १९११ मध्ये युरोपात जाऊन त्यांनी तिथली वैद्यकीय व्यवस्था पाहिली. आपली औषधंही नव्या शास्त्राच्या कसोटीवर तपासली जावीत, अशी त्यांची भूमिका होती. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद एकाच छताखाली आले. १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच काळात हकीम साहेबांनी इंग्रज सरकारचे किताब परत केले, जामिया मिल्लियाची जबाबदारी घेतली आणि अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपदही सांभाळलं.

२९ डिसेंबर १९२७ रोजी हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला.

पण काम थांबलं नाही. त्यांच्या प्रेरणेने तिब्बिया कॉलेजात संशोधन सुरू झालं. डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या, म्हणजे हकीम लोकांच्या असरोलच्या मुळातून काही शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम साहेबांचं नाव दिलं, 'अजमलीन'. हृदयाचे ठोके बिघडतात तेव्हा वापरायचं औषध म्हणून पुढे ते जगभर ओळखलं गेलं. हृदयाच्या ठोक्यांतला लपलेला दोष शोधण्यासाठी काही हॉस्पिटलांत आजही ते वापरतात.

याच मुळाचा दुसरा गुण आपल्या मुंबईत सिद्ध झाला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष एका ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापून आणले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळाकडे वळलं.

तपासणीत धोकेही कळले. डोस चुकला तर बीपी फार खाली जातं, मन उदास होतं. डॉक्टरांच्या गोळीसोबत कुणाला न सांगता घेतलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे मूळ तेच, पण मोजून दिलं तर दवा, अंदाजाने घेतलं तर आफत.

हकीम साहेबांच्या आयुष्यातून आम्ही एवढंच घेतो. घरातल्या अब्बा-अम्मींचं बीपी नियमित मोजून घ्या. मीठ कमी करा, खर्रा सोडा. गोळी स्वतःहून बंद करू नका. युनानी औषध घ्यायचं असेल तर शिकलेल्या हकिमाकडून घ्या आणि डॉक्टरांनाही सांगा. सेवाग्रामचा दवाखाना आपल्याच जिल्ह्यात आहे. छातीत दुखलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.