लोकमान्य टिळक आणि धर्माधर्माचे मूळ

अमुक कर्म योग्य व अमुक अयोग्य, असे आपण नित्य म्हणतो; परंतु ही योग्यायोग्यता येते कोठून, याचा विचार क्वचितच करतो. ती कर्माच्या फळात आहे, अंतःकरणाच्या साक्षीत आहे, की आत्मस्वरूपाच्या ज्ञानात? लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांनी गीतेच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि ते कारागृहात लिहून काढले.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक असून संस्कृतचे व्यासंगी होते. १८७२ साली ते अखेरच्या दुखण्याने अंथरुणास खिळले असता, त्यांना गीतेवरील भाषाविवृति ही टीका वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. वडील निवर्तले, पण तो संस्कार राहिला. पुढे संस्कृत भाष्ये वाचताना एक शंका बळावली. स्वजनांना पाहून युद्धातून मागे फिरणाऱ्या अर्जुनास कर्तव्याकडे वळविण्यासाठी जी गीता सांगितली, तिचे तात्पर्य कर्मत्यागात कसे असेल?

२२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ब्रह्मदेशातील मंडाले येथे ठेवण्यात आले. तेथे २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या अवधीत त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्याचा खर्डा पुरा केला. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांना तुरुंगातच ऐकावी लागली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, तरी हस्तलिखित सरकारकडून हाती येण्यास काही काळ गेला. अखेर जून १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात नीतीचे तीन पक्ष मांडले आहेत. पहिला आधिभौतिक पक्ष. बेंथाम, मिल इत्यादी पाश्चात्त्य पंडितांच्या मते ज्यायोगे पुष्कळांना पुष्कळ सुख होते ते कर्म चांगले. टिळक याची उपयुक्तता नाकारीत नाहीत. पण कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी व पांडवांची सात, म्हणून न्याय कौरवांकडे होता काय, असे ते विचारतात. सुखाची मोजदाद करता येईल, पण कर्त्याच्या हेतूचे काय? युधिष्ठिराच्या अश्वमेधातील अपार दानापेक्षा उपाशी ब्राह्मणाने अतिथीस दिलेले सातू श्रेष्ठ ठरले, ही महाभारतातील मुंगसाची कथा त्यांनी याचसाठी घेतली आहे.

दुसरा आधिदैवत पक्ष. मनात सदसद्विवेकरूपी देवता बसली असून तीच निर्णय देते, असे हा पक्ष मानतो. परंतु चोराचे मन आणि साधूचे मन एकच निर्णय देत नाही. म्हणून टिळकांच्या मते ही स्वतंत्र देवता नव्हे. बऱ्यावाईटाची निवड करणारी बुद्धी एकच आहे, व ती शुद्ध असेल तरच तिचा निर्णय शुद्ध.

मग बुद्धी शुद्ध कशी व्हावी? येथे तिसरा, अध्यात्मपक्ष येतो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट शुद्ध बुद्धीपर्यंत पोहोचला होता, हे टिळकांनी आदराने नमूद केले आहे. पण दुसऱ्याचे दुःख मी आपले का मानावे, याचे मूळ कारण त्यांना सर्वांभूती एकच आत्मा आहे या ज्ञानात सापडले. त्या ज्ञानाने सम झालेली बुद्धी फलाशा सोडून लोकसंग्रहार्थ कर्म करते. हाच त्यांच्या मते गीतेचा कर्मयोग.

संन्यासमार्गी शास्त्र्यांना हा अर्थ मान्य झाला नाही, आणि तो वाद पुढेही चालू राहिला. ग्रंथ मात्र महाराष्ट्राबाहेर गेला. माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत आणि आलूर वेंकटराव यांनी कन्नडात नेला. त्यामुळे बेंगळूरच्या के. आर. पुरमसारख्या वस्तीत मराठी गृहस्थ व त्याचा कन्नड शेजारी एकाच प्रश्नावर आपापल्या भाषेतून विचार करू शकतात.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्यांचा देहान्त झाला. गृहस्थाश्रमात वाटणी, व्यवहार, दान असे प्रसंग रोज येतात. त्या वेळी लाभ किती, एवढेच पाहू नये. मनाने कौल दिला, एवढ्यानेही थांबू नये. समोरच्याच्या जागी आपणच आहोत असे जाणून बुद्धी सम झाली आहे काय, हे आधी तपासावे. धर्माधर्माचा निर्णय तेथून सुरू होतो.